मोजायचं काम हाताचं

रामनामाची एक माळ माझ्या चालीने अडीच-तीन मिनिटांत होते. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या तेरा अक्षरी मंत्राला सहा-सात मिनिटं लागतात. गायत्रीची माळ शब्द न गिळता, नीट ओढायची तर पंधरा मिनिटं तरी हाताशी हवीत. हे आधीच सांगून टाकते, कारण जपाचा विषय निघाला की माणसं एकदम चक्रं, ऊर्जा, मोक्ष अशा मोठ्या गोष्टींकडे वळतात आणि रोजच्या धबडग्यात त्याला जागा किती लागते, हे साधं कुणी सांगत नाही. डाळ शिजेपर्यंत एक माळ होते. एसटीची वाट बघता बघता दोन-तीन होतात. रात्री झोप उडाली तर किती झाल्या हे विचारूच नये.

मला माळ धरायला शिकवली काकूने. फलटण तालुक्यात आमचं एकत्र घर. थोरले काका, म्हणजे अण्णा, माळकरी. माउलींची पालखी तरडगावहून फलटणला जाते त्या बाजूचं गाव, त्यामुळे तुळशीची माळ, बुक्का, टाळ या गोष्टी आमच्याकडे सणावाराच्या नव्हत्या, रोजच्या होत्या. अण्णांच्या गळ्यात कायम एक माळ असे. जपाची मात्र वेगळी, ती देव्हाऱ्याशेजारी खुंटीला. गळ्यातली जपाला घ्यायची नाही आणि जपाची गळ्यात घालायची नाही, हा घरचा शिरस्ता. दुसऱ्या घरात तो वेगळा असेल, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

काकूने दाखवलं ते असं. माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर घ्यायची आणि अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा. हात छातीपाशी, माळ लोंबून भुईला टेकता कामा नये. एका मण्याला एक नाम, आणि नाम पुरतं झाल्याशिवाय मणी सोडायचा नाही. मेरुमण्याशी, म्हणजे माळेच्या टोकाच्या मोठ्या मण्याशी, आलं की तो ओलांडायचा नाही. माळ उलटी फिरवायची आणि आल्या वाटेने परत निघायचं. हे सगळं गोमुखीत, म्हणजे जपाच्या कापडी पिशवीत, हात झाकून. काकूची गोमुखी जुन्या खणाची होती, तिनेच शिवलेली, आतून मलमलीचं अस्तर लावलेली.

तर्जनी लावायची नाही, हेही तिनेच सांगितलं. का, असं मी विचारलं. “दुसऱ्याकडं दाखवायचं बोट ते,” काकू म्हणाली, “देवाच्या कामात त्याला घेऊ नये.” हे उत्तर मला अजूनही पटतं. पण पुढे त्यात एक व्यवहारही दिसला. अंगठा आणि तर्जनी ही आपल्या हाताची पकडायची जोडी. सुई, पेन, चिमूटभर मीठ, सगळं आपण त्यांनीच उचलतो. ती जोडी मोडली की पकड आपोआप सैलावते. मणी चिमटीत आवळला जात नाही, नुसता सरकतो. त्यामुळे तासभर बसलं तरी मनगट अवघडत नाही. ज्यांनी हे नियम घातले त्यांनी स्वतः भरपूर माळा ओढल्या असणार, याची खात्री अशा बारकाव्यांतून पटते.

आता मनाचं सांगते, कारण खरी अडचण तिथेच आहे. माळ घेऊन बसलं की पहिली दहा-बारा नामं छान जातात. मग दूधवाल्याचे पैसे आठवतात. मग काल फोनवर कोण काय बोललं ते, आणि त्याला आपण काय उत्तर द्यायला हवं होतं ते. मनातल्या मनात उत्तर अगदी नेमकं तयार होतं, समोरचा निरुत्तरही होतो. तोवर अंगठा आपला चालूच असतो. तीसेक मणी मागे पडलेले असतात, ओठही हलत असतात, आणि त्या तीस नामांतलं एकही आपण ऐकलेलं नसतं.

पुष्कळजण इथे नाउमेद होतात. ‘माझं मनच लागत नाही’ म्हणतात आणि माळ कपाटात जाते. माझ्याकडे शाळेतल्या जुन्या सहकारी बायका येतात, त्यांचीही हीच तक्रार. त्यांना मी सांगते की माळ या भटकणाऱ्या मनासाठीच केलेली आहे. मन स्थिर असलेल्याला ती कशाला लागेल? आपण भटकलो तरी हात जागेवर असतो. जिथे भान येतं तिथे बोटाखाली एक मणी असतोच, आणि त्या मण्यापासून पुन्हा सुरुवात करता येते. मागचे तीस वाया गेले का, हा विचार करायचा नाही, कारण तो विचार म्हणजे पुन्हा भटकणंच.

आणि भान आलंच नाही तर? त्यासाठी मेरू आहे. तो इतर मण्यांपेक्षा मोठा, खाली गोंडा. डोळे मिटलेले असले तरी अंगठ्याला लगेच कळतो. तिथे थांबावं लागतं, माळ बोटावरून उतरवून फिरवून घ्यावी लागते, आणि हे काम तंद्रीत होत नाही. मेरू म्हणजे गुरू, म्हणून त्याला ओलांडू नये, असं सांगतात. मेरू म्हणजे पर्वत, असंही सांगतात. दोन्हीचा मला आदर आहे. पण मेरूची खरी किंमत मला कळली ती त्याने मला इतक्यांदा जागं केलं म्हणून. तो नसता आणि माळ नुसतीच गोल फिरत राहिली असती, तर मी कित्येक दिवस एका जागी बसून फक्त लाकूड फिरवलं असतं.

मणी १०८च का, याची उत्तरं मागाल तितकी मिळतात. २७ नक्षत्रं आणि प्रत्येकाचे ४ चरण. १२ राशी आणि ९ ग्रह. मिनिटाला १५ श्वास धरले तर दिवस-रात्रीचे २१,६०० होतात. त्यातले अर्धे देहाच्या कामांना सोडले तर उरतात १०,८००, आणि त्याचा शंभरावा भाग १०८. जैन मंडळींच्या नवकारवाळीतही १०८ मणी असतात, पण त्यांचा हिशोब निराळा आणि फार देखणा आहे. अरिहंतांचे १२ गुण, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७. बेरीज १०८. म्हणजे प्रत्येक मण्यामागे एकेक गुण उभा आहे.

मला मात्र या सगळ्यांत काकूचं उत्तर जवळचं. माळ १०८ मण्यांची असली तरी जप धरायचा १००च. वरचे आठ चुकांचे. कुठे नाम अर्धवट राहिलं, कुठे जांभई आली, कुठे मणी निसटला, त्याची भरपाई त्या आठांत. अनेक घरांत जप असाच मोजतात, दहा माळा झाल्या की एक हजार लिहितात, ऐंशी सोडून देतात. माणूस चुकणार हे ज्या साधनात आधीच ओवून ठेवलेलं आहे, त्यावर माझा विश्वास लवकर बसला.

अण्णांची गळ्यातली माळ तुटली, तो प्रसंग इथे सांगायला हवा. श्रावणातली संध्याकाळ होती आणि ते नुकतेच पाटावर बसले होते. दोरा घामाने कुजला असावा, पहिला घास उचलताना मान वळवली आणि माळ सुटली. मणी ताटात, पाटाखाली, फरशीवरून टपटपत थेट माजघराच्या उंबऱ्यापर्यंत. कडक नेमाच्या माळकऱ्याला गळ्यात माळ नसताना अन्न चालत नाही, पाणीही नाही. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला.

“हालू नगा कुणी,” ते म्हणाले. “जाग्यावर बसा. पायाखाली यायचा एखादा.”

काकूने ताटावर ताट झाकलं. आम्ही पोरांनी रांगत रांगत मणी वेचायला घेतले. वेचलेला प्रत्येक मणी परातीत टाकला की बारीक टिणकन आवाज यायचा. सगळे वेचून झाले असं वाटल्यावर काकूने दहा-दहाचे ढीग केले. दहा ढीग झाले आणि वर सात उरले. पुन्हा मोजले, पुन्हा सातच. मग कपाट सरकवलं, कणगीमागे कंदील धरून पाहिलं, जातं हलवलं. वडील म्हणाले, “अण्णा, नवी माळ आहे की घरात. ती घाला आणि जेवून घ्या.”

“घालीन की,” अण्णा म्हणाले. “पण ह्यो कुठं गेला ते आधी बघू. एवढी वर्सं गळ्यात हुता.”

मणी सापडला आमटीच्या वाटीत. काकूने तो धुतला, पदराने पुसला आणि तिथेच दिव्याखाली ओवायला बसली. सुती दोरा चौपदरी पिळून त्याला मेण लावलं. ते मणी मी तेव्हा पहिल्यांदा एकेक सुटे पाहिले. माळेत असताना सगळे सारखे दिसतात, पण सुटे झाल्यावर प्रत्येक वेगळा. मानेमागे राहणारे झिजून लहान झालेले आणि तेल-घामाने काळे, चकचकीत. पुढचे अजून बरेचसे तपकिरी. भोकं पूर्वी गोल असतील, आता दोऱ्याच्या ओढीने लांबट झालेली. हातात घेतला तर वजन जाणवत नाही, आणि नाकाशी नेला तर तुळशीचा नाही, अण्णांच्या सदऱ्याचा वास. ओवताना काकू मणी मोजत नव्हती. एकेक मणी दोऱ्यात घालताना ‘विठ्ठल’ म्हणत होती, म्हणजे ओवून होईपर्यंत तिचीही एक माळ झाली. शेवटी माळ ज्ञानेश्वरीवर ठेवली, अण्णांनी नमस्कार करून ती गळ्यात घातली आणि मग गार झालेलं जेवण जेवले. तोवर त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

अण्णांनी आयुष्यात नाम किती घेतलं, याचा आकडा घरात कुणाकडे नाही. त्यांनी कधी वही ठेवली नाही. पण एक मणी कमी होता तेव्हा ते जेवले नाहीत. माळेचं मोजणं आणि नामाचं न मोजणं या दोन गोष्टी एका माणसात किती सहज राहू शकतात, हे मी त्या रात्री पाहिलं. त्याचा अर्थ लागायला मात्र बराच काळ जावा लागला.

कारण वरवर पाहता यात विरोध आहे. आमच्या घरी संध्याकाळी हरिपाठ व्हायचा. त्यात माउली म्हणतात, ‘हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा । पुण्याची गणना कोण करी ॥’ आणि हे म्हणणाऱ्यांच्याच हातात मोजायचं साधन! शिवाय मोजण्याची आपली परंपरा काही लहान नाही. गायत्रीची अक्षरं २४, म्हणून तिचं पुरश्चरण, म्हणजे संकल्प करून पुरा करायचा जप, २४ लाखांचं. समर्थांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं राहून तेरा अक्षरी मंत्राचा तेरा कोटी जप केला, असं परंपरा सांगते. तोच मंत्र आणि तोच तेरा कोटींचा संकल्प ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांमुळे (१८४५–१९१३) महाराष्ट्रातल्या साध्या संसारी घरांत पोचला. फलटणहून मोगराळ्याचा घाट चढून दहिवडीवरून गोंदवल्याला जायला आम्हाला फार वेळ लागत नसे, त्यामुळे लहानपणापासून तिथे जाणं होतं. समाधीमंदिरात भिंतीला टेकून बसलेली माणसं पाहावीत. कुणाच्या मांडीवर पिशवी, कुणाच्या बाजूला झोपलेलं नातवंड, आणि हातात माळ.

तेरा कोटी या आकड्याचा एकदा हिशोब करून बघावा. माळेला शंभर धरले तर तेरा लाख माळा. रोज दहा माळा ओढणाऱ्या माणसाला त्यासाठी साडेतीनशेहून जास्त वर्षं लागतील. म्हणजे संसारी माणसाने एकट्याने गाठायचा हा आकडाच नाही. पण अशा हजार माणसांनी मिळून धरला तर तो चार-सव्वाचार महिन्यांत पुरा होतो. संकल्पातली ही बाजू मला फार मोलाची वाटते. कुठल्या तरी गावातली एक म्हातारी आपल्या पाच माळांचा आकडा चिठ्ठीवर लिहून पाठवते, आणि तो कोटींच्या बेरजेत मिळून जातो. तिची पाचशे नामं पुन्हा वेगळी काढता येत नाहीत. मोजूनच ‘माझं’पण पुसलं जातं.

म्हणून मला वाटतं, ‘गणना कोण करी’ या प्रश्नाला माळेने आपल्या परीने उत्तर दिलेलं आहे: हात करी. गणना अंगठ्यावर सोपवली की डोकं त्या कामातून सुटतं. माळ न घेता हजार नामं घ्यायला बसून पाहा. निम्मं लक्ष ‘चारशे बारा, चारशे तेरा’ यातच जातं आणि देव बाजूला राहतो. न मोजता बसावं तर पाच मिनिटांत ‘झालं बहुतेक’ वाटून आपण उठतो. माळ हातात असली की या दोन्ही गोष्टी होत नाहीत. किती झालं हे हाताला माहीत असतं, आपल्याला माहीत असायची गरज नसते.

याच कारणासाठी बोटात घालायचा तो बटणाचा काउंटर मला रुचत नाही. प्रवासात तो सोयीचा आहे, आणि माझ्या ओळखीची काही माणसं त्यावर मनापासून जप करतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण त्याच्या काचेवर आकडा दिसतो, सतत वाढताना दिसतो. नजर तिथे जाते, आणि नजर गेली की मन आज किती, काल किती, याच्या मागे लागतं. माळेवर आकडा कुठेच लिहिलेला नसतो. १०८ झाले की माळ आपल्याला पुन्हा पहिल्या मण्याशी आणून सोडते.

बाजाराविषयी थोडं लिहायलाच हवं, कारण तिथे फसवणूक फार आहे. तुळशीची खरी माळ वाळलेल्या खोडा-फांद्यांची होते. पंढरपुरात काशीकापडी समाजाची घरं पिढ्यानपिढ्या हे काम करत आली आहेत. तुळशीचं खोड ते केवढं, त्यामुळे मणी लहानच निघणार आणि किंचित वेडेवाकडे असणार. सुपारीएवढे, एकसारखे, गुळगुळीत मणी कुणी तुळशीचे म्हणून देत असेल तर ते दुसऱ्या कुठल्या लाकडाचे असण्याचा संभव मोठा. रुद्राक्षाची गोष्ट याहून कठीण. रुद्राक्ष म्हणजे झाडाच्या फळातली आठळी. फळ पिकतं तेव्हा लख्ख निळं असतं, आणि गंमत अशी की तो निळा रंग कुठल्या रंगद्रव्याचा नसतो, सालीच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश खेळून तो दिसतो. आपल्याकडे मिळणारे पुष्कळसे रुद्राक्ष नेपाळ आणि इंडोनेशियातून येतात. पाचमुखी सर्वांत जास्त पिकतो, म्हणून तो स्वस्त. एकमुखीच्या नावाखाली कोरीव काम, चिकटवलेले तुकडे, भलत्याच बिया, सगळं विकलं जातं, आणि तेही अडचणीत सापडलेल्या माणसाला. मुलाचं लग्न जमेना, नवऱ्याची नोकरी गेली, अशा वेळी राशी विचारून हजारो रुपयांची माळ गळ्यात मारणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. जपाला साध्या पाचमुखीची किंवा तुळशीची माळ पुरते. तीही नसेल तर बोटं आहेत.

बोटांवरचा जप मला खरा कळला तो वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा. धावपळीत माळ घरीच राहिली होती. बाहेरच्या बाकावर रात्रभर बसायचं होतं. करमाळ लहानपणी संध्या करणाऱ्या शेजारच्या आजोबांकडून पाहिली होती, ती तेव्हा कामी आली. अनामिकेच्या मधल्या पेरावर अंगठा ठेवायचा. तिथून त्याच बोटाच्या खालच्या पेरावर. मग करंगळीचं खालचं, मधलं, वरचं. मग अनामिकेचं वरचं, मधल्या बोटाचं वरचं, तर्जनीचं वरचं, मधलं, खालचं. दहा झाले. मधल्या बोटाची खालची दोन पेरं राहतात, तो इथला मेरू, त्यांना शिवायचं नाही. असाच डाव्या हातावर दहांचा हिशोब ठेवला की शंभर होतात. साडीच्या पदराखाली कुणाला दिसतही नाही.

त्याच बाकाच्या टोकाला एक बुरख्यातल्या बाई तसबीह घेऊन बसल्या होत्या. त्यांची ९९ मण्यांची, दर ३३ला एक वेगळा मणी. तो मणी आला की त्यांचा अंगठा क्षणभर अडायचा, मग पुन्हा सुरू. ते अडणं मला ओळखीचं होतं. पहाटे त्यांनी विचारलं, “आपके अब्बा?” मी मान हलवली. “मेरा बेटा,” त्या म्हणाल्या. नंतर आम्ही दोघींनी आपापलं काम पुढे चालू ठेवलं.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं वसईत होते. तिथे ऑक्टोबर लागला की ख्रिस्ती वाड्यांतून संध्याकाळी रोझरीचे सूर येतात. त्यांच्या माळेत दहा-दहा मण्यांचे पाच गट, आणि गटागटांमध्ये एकेक सुटा मणी. आमच्या शेजारच्या आजी भाजी निवडून झाली की अंगणातल्या क्रूसापाशी बसत. घरातले सगळे मिळून म्हणत, अर्धी प्रार्थना एकाने आणि उरलेली सगळ्यांनी. ऐकता ऐकता आपलाही श्वास त्या चालीवर येतो, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं होतं. पुढे कळलं की इटलीतल्या संशोधकांनी हेच मोजून पाहिलं आहे. लुचिआनो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांकडून ‘आवे मारिया’ ही रोझरीतली लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे ॐ’ हा मंत्र म्हणवून घेतला. २००१ साली ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास स्थिरावला आणि हृदयाची, रक्तदाबाची लय त्याच्याशी जुळून आली. एक आवर्तन साधारण दहा सेकंदांचं, म्हणून सहा. जप ‘शास्त्राने सिद्ध झाला’ असं मी यावरून म्हणणार नाही, कारण जप श्वासासाठी कुणी करत नाही. पण आपले जुने लोक मंत्र घाईने म्हणू नका म्हणून का सांगत, याचं एक कारण यात आहे. मंत्र किती लांब, यावर श्वास किती लांब हे ठरतं. वाचिक, उपांशू आणि मानस असे जपाचे तीन टप्पे सांगितलेत: आधी मोठ्याने, मग नुसते ओठ हलवून, मग मनातल्या मनात. पण मोठ्याने म्हणून चाल आणि श्वास नीट बसल्याशिवाय मानस जपाची घाई करू नये, असं माझं मत. आरंभीच मनात जप करणाऱ्याचं नाम फार लवकर अदृश्य होतं.

काकू गेल्यावर घरातल्या माळा ओवायचं काम माझ्याकडे आलं. आता ओळखीतलेही आणून देतात. दोरा मी सुतीच घेते. नायलॉन तुटत नाही हे खरं, पण तो तुळशीच्या मऊ मण्याचं भोक कापत जातो आणि दोन-चार वर्षांत मणीच चिरतो. सुती दोरा आपण कुजतो आणि मणी वाचवतो. दोन मण्यांमध्ये गाठ मारते. गाठ नसली की मणी एकमेकांवर सरकून येतात आणि अंगठ्याला दोन एकदम लागतात. गाठ मात्र मण्याला घट्ट भिडवायची नाही, मणी फिरला पाहिजे, नाहीतर एकाच बाजूने झिजतो. शेवटी दोन्ही टोकं मेरूतून काढायची, वर दुहेरी गाठ, मग गोंडा. चिरलेले, निकामी मणी मी नदीत सोडत नाही, दोरा काढून तुळशीवृंदावनाच्या मातीत घालते.

सध्या भाचीची माळ हातात आहे. ती म्युनिकला असते, रोज तासभर लोकलचा प्रवास. व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, “मावशी, फोनवरचं ॲप चालेल का गं?” मी म्हटलं, चालेल, पण फोन हातात घेतलास की तो तुला मेसेज पण दाखवणार. मग ती म्हणाली की मोठी माळ गाडीत काढायला संकोच वाटतो. म्हणून तिच्यासाठी २७ मण्यांची ओवते आहे, मुठीत मावेल अशी. तिच्या चार फेऱ्या म्हणजे १०८. चार फेऱ्या लक्षात कशा ठेवायच्या, हा तिचा पुढचा प्रश्न होता. डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटत जायची. करंगळी, अनामिका, मधलं, तर्जनी. चारही मिटली की माळ पुरी झाली, तोवर खिडकीबाहेर बघत बसलं तरी चालतं.